‘क्षार’ या संज्ञेचा अर्थविचार

शालेय रसायनशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत आम्ल आणि आम्लारी यांच्या विक्रियेतून क्षार व पाणी तयार होते, असे सांगितलेले असते. हिंदी पाठ्यपुस्तकांत हीच विक्रिया अम्ल व क्षारक यांपासून लवण व जल अशी मांडली जाते. आणि तेथे क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा क्षारक. म्हणजे एकाच तत्सम शब्दाने मराठी विद्यार्थी विक्रियेचे फळ समजतो, तर हिंदी विद्यार्थी विक्रियेतील एक घटक समजतो. दोन भाषांत एका शब्दाचे अर्थ निराळे असणे हे काही नवल नव्हे. परंतु मराठी विश्वकोशानेही लवण आणि क्षारक याच संज्ञा स्वीकारल्या असल्यामुळे हा भेद मराठीच्या पोटातच शिरला आहे. शाळेत ‘क्षार’ शिकलेला विद्यार्थी विश्वकोश उघडतो, तेव्हा त्याला आपल्या ओळखीचा शब्द विरुद्ध पक्षात उभा असलेला दिसतो.

प्राचीन प्रयोग निःसंशय विश्वकोशाच्या बाजूचा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षारपाकाचा आहे. तेथे या शब्दाची व्युत्पत्ती क्षरण किंवा क्षणन या क्रियांशी, म्हणजे झिजविण्याशी वा नष्ट करण्याशी जोडलेली आहे. वनस्पती जाळून राख करावी, ती पाण्यात कालवून गाळावी, ते पाणी आटवावे, आणि तीव्र क्षार हवा असल्यास त्यात भाजलेली चुनखडी व शिंपले घालावे, असा विधी सांगितला आहे. आधुनिक भाषेत बोलायचे तर राखेतील कार्बोनेटांवर चुन्याची विक्रिया होऊन दाहक हायड्रॉक्साइडे बनतात. मृदू आणि तीक्ष्ण क्षार यांतील भेद असा केवळ मात्रेचा नसून द्रव्याचाही आहे. अरबीतून युरोपात गेलेला ‘अल्कली’ हा शब्दही मुळात वनस्पतींच्या राखेचाच वाचक होता. सैंधव, सामुद्र इत्यादींना आयुर्वेदाने लवण या निराळ्या वर्गात ठेवले. चरकसंहितेत तर क्षार हा स्वतंत्र रस मानावा की नाही, याचीच चर्चा आहे. आणि क्षार हा रस नसून अनेक द्रव्यांपासून कृतीने सिद्ध केलेले द्रव्य आहे, असा आत्रेयांचा निर्णय आहे.

मग मराठीत क्षार हा शब्द लवणाकडे का झुकला? याचे एक कारण ‘खार’ या तद्भव रूपात शोधता येते. पापडखार आणि सज्जीखार यांत जुना अर्थ शाबूत आहे. ती द्रव्ये अल्कधर्मीच आहेत. परंतु खारट, खारवणे, खारे पाणी, खारी जमीन या शब्दपरिवारात मिठाची चव प्रबळ झाली. शिवाय ‘लवण’ हा शब्द बोलण्यात नव्हता. बोलण्यात मीठ होते, आणि मोरचूद किंवा तुरटी यांना मीठ म्हणणे कोणाच्याही जिभेला रुचले नसते. क्षार हा शब्द मिठाच्या परिसरात होता आणि मिठाहून व्यापकही वाटत होता. तो लवणाकडे गेल्यावर मूळ जागा रिकामी झाली, आणि ती भरण्यासाठी ‘आम्लारी’ हा आम्लाचा अरी निर्माण करावा लागला. हा शब्द घडणीने सुबक आहे, हे मान्य केले पाहिजे. कॉपर ऑक्साइडासारख्या न विरघळणाऱ्या द्रव्यालाही तो लागू पडतो, आणि विरघळणाऱ्यांसाठी ‘अल्क’ ही पोटसंज्ञा हाताशी राहते.

संज्ञेची व्युत्पत्ती चुकीची असली तरी शास्त्राचे अडत नाही. लाव्हाझिएने सर्व आम्लांत ऑक्सिजन असतो अशा समजुतीने त्या मूलद्रव्यास ‘आम्लजनक’ अशा अर्थाचे नाव दिले. १८१० मध्ये डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असून मिठापासून काढलेल्या आम्लात ऑक्सिजन नसतो असे दाखविले, तरी नाव टिकले. ‘सेंद्रिय’ शब्दाचेही तेच. १८२८ मध्ये व्हलरने प्रयोगशाळेत यूरिया तयार केल्यावर इंद्रियांशी त्याचा आवश्यक संबंध उरला नाही. अशी नावे कोणाला फसवीत नाहीत, कारण त्यांनी निर्दिष्ट केलेली वस्तू एकच असते. ‘क्षार’ची अडचण वेगळ्या जातीची आहे. एकाच विषयाच्या एकाच समीकरणात ते नाव दोन वस्तूंकडे बोट दाखविते.

नवसागराचे उदाहरण घ्यावे. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत तो क्षार आहे आणि त्याचे द्रावण निळा लिटमस तांबडा करते. जुना अर्थ मनात असलेल्यास ‘या क्षाराचे द्रावण आम्लधर्मी असते’ हे विधान वदतोव्याघात वाटेल. उलट धुण्याचा सोडा दोन्ही अर्थांनी क्षार ठरतो. तो कार्बोनिक आम्लाचे लवण आहे. पण त्यातील कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेत असल्याने द्रावण अल्कधर्मी होते. अशा वेळी शब्द बरोबर बसतो, पण विद्यार्थ्याने कोणता अर्थ जाणून तो वापरला, हे परीक्षकास कळत नाही.

सेंद्रिय रसायनात हा गुंता आणखी एक पायरी पुढे जातो. ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांपासून एस्टर व पाणी मिळते. समीकरणाचा साचा उदासिनीकरणासारखाच दिसतो. इंग्रजी ग्रंथांत एस्टरांना एके काळी ‘ईथरी लवणे’ अशा अर्थाचे नावही होते. परंतु अल्कोहोलातील हायड्रॉक्सिल गट दाहक सोड्यातील हायड्रॉक्साइड आयनाप्रमाणे सुटा होत नाही, विक्रिया मंद व उलट दिशेनेही चालणारी असते, आणि एस्टर आयनांचे बनलेले नसते. चरबी हे एस्टर आहे. दाहक सोड्याबरोबर तापविल्यावर त्यापासून होणारा साबण मात्र खरोखर लवण आहे. येथे ‘क्षाराच्या योगाने क्षार मिळतो’ असे लिहिले, तर व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष वाक्य होईल आणि त्यातून साबण कशाचा बनतो हे कोणालाच कळणार नाही. ‘लवण’ शाळेत आणल्यास ही अडचण दूर होते. ‘आम्लारी’ आणि ‘अल्क’ यांना मात्र हात लावण्याचे कारण दिसत नाही.