दांड घालता येईल असं कापड

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. ऐन आणि अर्जुनाचा पाला खाणाऱ्या अळीचं हे टसर रेशीम. विदर्भाच्या ज्या करवती काठाच्या साडीला भौगोलिक मानांकन आहे, ती याच पट्ट्यातली. हातमागावर तीन धोटे चालतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे. काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकतो तिथे करवतीचे दाते उमटतात. अंग कोशाचं, काठ सुती. रेशीम भिजलं की त्याची ताकद घटते, कापसाची उलट वाढते. म्हणजे पावसाळ्यात भिजणारी, जमिनीला घासणारी कडच नेमकी सोशीक.

लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही, बसण्याच्या जागी आधी विरतं. मग जुन्या बायका विरलेला पट्टा कापून काढत, दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग जोडून मधे दांड, म्हणजे जोडाची शिवण, घालत. हे जमायचं, कारण पन्हा सारखा, कडा विणतानाच बंद झालेल्या आणि नेसणारीच्या मापाने काही कापलेलंच नाही. उलट शिवलेल्या कपड्यांच्या कापणीत साधारण १५ टक्के कापड चिंध्यांत जातं, असा वस्त्रोद्योगातला रूढ अंदाज आहे.

ताण्याबाण्याने विणलेल्या कापडात एक धागा तुटला तरी शेजारचे धागे घर्षणाने त्याला धरून ठेवतात. म्हणून रफू करता येतो. टी-शर्ट मात्र एकात एक अडकलेल्या फाशांचा असतो. एक फासा सुटला की पुढचे उसवत जातात.

आता सगळ्यांनी लुगडी नेसावीत, असं कोण म्हणेल! पण कपडा दुरुस्त होणार की नाही, हे सुई हातात घेण्याआधीच ठरलेलं असतं. युरोपीय संघाच्या २०२४च्या इकोडिझाइन नियमांनी दुरुस्तीची सोय हा वस्तूच्या रचनेचाच निकष मानला आहे. आपल्याकडचा ब्लाउज शिवणारा हे कधीचं करतो. कुशीला इंचभर माया सोडतो, शेजारीशेजारी दोन-तीन टिपा मारतो. अंग सुटलं की आतली टीप घरीच उसवायची, बस्स. तयार कुर्त्यात मात्र ओव्हरलॉकचं पातं शिवतानाच माया छाटून टाकतं. विकत घेण्याआधी कुर्ता उलटा करून कुशीची शिवण बघा. टिपेबाहेर बोटभर कापड नसेल, तर तो पुढे सैल करता येणार नाही.