लेन्सपुढची काच: लावावी की काढावी?

नवा कॅमेरा घेतला की दुकानदार पावती करता करता विचारतो, ‘पुढे एक यूव्ही फिल्टर टाकून देऊ ना? लेन्स सेफ राहील.’ गिऱ्हाईक मान डोलावते. घरी आल्यावर कुणी जाणकार भेटतो आणि म्हणतो, ‘एवढी चांगली लेन्स घेतलीस, आणि तिच्यापुढे ही खिडकीची काच कशाला?’ यात खरे कुणाचे? मी कवितेचा माणूस; बी. ए. झालो तेही मराठी घेऊन. पण गेली पंचवीसेक वर्षे मावळातल्या पावसात कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडतो आहे. घरातली भाचरे विचारतात, ‘मामू, फिल्टर लावू की नको?’ त्यांना जे सांगतो, तेच आज आपल्यालाही सांगतो.

आधी हा फिल्टर आला कुठून ते पाहू. फिल्मच्या काळात त्याला खरेच काम होते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण फिल्मवर त्यांचा परिणाम होई. उंचावरून दूरच्या डोंगरांचा फोटो काढला की निळसर धूसरपणा यायचा. अतिनील किरण अडवणारी काच लावली की तो थोडा कमी व्हायचा. डिजिटल कॅमेऱ्यात हे किरण अडवणारी काच आतच, संवेदकाच्या पुढे बसवलेली असते. त्यामुळे यूव्ही फिल्टरचे मूळ काम संपले. उरला तो नुसता पहारा. लोहगडावरून पवनेच्या पाण्यापलीकडचे तुंग आणि तिकोना धुक्यात पुसट दिसत असतील, तर या काचेने ते स्वच्छ दिसू लागतील अशी आशा धरू नये. धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, ते फिल्टरने गाळले जात नाहीत.

मग पहारा कशापासून? आपल्या भागात याचे उत्तर सोपे आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. टायगर पॉइंटला उभे राहा. वारा दरीतून वर चढतो आणि पाऊस खालून तोंडावर येतो. दर मिनिटाला काच पुसावी लागते. हाताशी असतो ओला रुमाल, नाहीतर ओढणीचे टोक, आणि त्यात मातीचा एखादा कण अडकलेला असतोच. असे वारंवार पुसल्याने लेन्सवरच्या नाजूक लेपावर बारीक ओरखडे उठतात. ते ओरखडे फिल्टरवर उठले तर फिल्टर बदलता येतो. उन्हाळ्यात गडाच्या वाटेवर उडणारा फुफाटा, भातलावणीच्या वेळचे चिखलाचे शिंतोडे, लहान मुलांची बोटे, या सगळ्यांसाठी ही काच उपयोगी आहे. पाण्याला दाद न देणाऱ्या काही महागड्या लेन्सचे संरक्षणही पुढे फिल्टर लावल्यावरच पुरे होते, असे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते.

पण कॅमेरा कातळावर पडला तर फिल्टर वाचवील, या भरवशावर राहू नका. फिल्टरची काच पातळ असते. लेन्सचे पुढचे भिंग जाड असते. ज्या धक्क्याने फिल्टर फुटतो, त्याने भिंग फुटलेच असते असे नाही. उलट फुटलेल्या फिल्टरचे तुकडे भिंगावर घासले जातात. धक्क्यापासून वाचवायला लेन्सचे हूड बरे. ते आधी मार खाते, तिरका पाऊस अडवते आणि बाजूचा उजेडही रोखते.

या पहाऱ्याची किंमतही मोजावी लागते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे जवळपास ८ टक्के. चांगल्या, अनेक लेप दिलेल्या फिल्टरमध्ये हे प्रमाण दर पृष्ठभागाला एक टक्क्याच्याही खाली येते. एरवी हे लक्षात येत नाही. पण दुपार कलल्यावर कार्ल्याच्या चैत्यगृहात आत जाऊन दाराकडे तोंड करा. आत काळोख, आणि समोरच्या पिंपळपानी गवाक्षातून येणारा प्रखर उजेड. त्यातला काही उजेड संवेदकावरून परत फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत शिरतो. मग खांबांचा काळा रंग राखाडी होतो आणि काळोखात गवाक्षाची फिकट, उलटी सावली उमटते. अशा ठिकाणी फिल्टर काढून खिशात ठेवावा. आत पाऊस नाही, वारा नाही. तिथे पहारा हवा कशाला?

यासाठी माझ्या शब्दावर विसंबू नका. रात्री घराच्या गॅलरीतून रस्त्यावरच्या दिव्यांचे दोन फोटो काढा, एक फिल्टर लावून, एक काढून. स्वस्त फिल्टर असेल तर पहिल्या फोटोत, मध्याच्या पलीकडे, दिव्यांची भुते दिसतील. मोबाईललाही हेच लागू. त्याच्या भिंगावर मुळातच कठीण काचेचे झाकण असते. त्यावर आणखी एक स्वस्त काच चिकटवली की रात्रीचे फोटो बिघडू लागतात.

आता लेन्सचा खरा शत्रू. आमच्या अब्बांचा कॅमेरा कातडी पेटीत, लोखंडी कपाटात असायचा. पुढे फिल्टर घट्ट बसवलेला. एका पावसाळ्यानंतर पेटी उघडली, तर फिल्टर लख्ख आणि आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. ती बुरशी. ओल, अंधार आणि कोंदट हवा मिळाली की ती वाढते आणि तिच्या आम्लाने भिंगावरचा लेप कायमचा खराब होतो. तिच्यापुढे फिल्टरचे काही चालत नाही. लोणावळा, खंडाळा, कामशेत या पट्ट्यात चार महिने हवा ओली असते. म्हणून पावसातून आल्यावर फिल्टर काढावा, कॅमेरा पुसून पंख्याखाली सुकवावा, आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. खड्यांचा रंग बदलला की पुड्या बदलाव्यात. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवला तर उत्तमच. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्यावा. कातडी पेटी पावसाळ्यात नकोच.

फिल्टर घ्यायचाच तर लेन्सवर छापलेला ५२, ५८, ६७ असा मिलिमीटरचा आकडा पाहून घ्यावा. अनेक लेपांचा, प्रतिष्ठित कंपनीचा एकच घ्यावा. एकावर एक दोन फिल्टर चढवू नयेत. फार आवळू नये. अडकलाच तर कडेला रबरबँड गुंडाळून फिरवावा. ओल्या पानांवरची, कातळावरची चकाकी घालवायची असेल, तर त्यासाठी पोलरायझर हा वेगळा फिल्टर असतो. तो लावताना यूव्ही काढावा.

थोडक्यात, पाऊस, धूळ आणि चिखलात काच लावावी. समोर दिवा किंवा सूर्य असेल, रात्र असेल, तर काढावी. आणि घरी आल्यावर ओल घालवावी.

एक गोष्ट राहिली. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जण दगावले. लेन्सच्या काचेची आपण इतकी काळजी घेतो. शेवाळलेल्या कातळावर आणखी एक पाऊल पुढे टाकण्याआधी तेवढीच काळजी स्वतःची आणि सोबतच्या लेकरांची घ्यावी. पाणी वाढते आहे असे दिसले, तर फोटो राहू द्यावा आणि मागे फिरावे.