मॅनिफोल्ड धुवायचा तो उतरवूनच

डिझेल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधला काळा, चिकट थर दोन वाटांनी येतो: ईजीआर व्हॉल्व्हमधून परतलेल्या धुराची काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने हा मार्ग आपोआप कधीच धुतला जात नाही. चालू इंजिनात स्प्रे मारून भागते, हा समज मात्र घातक आहे. हवेबरोबर आत गेलेला ज्वलनशील द्रव म्हणजे जादा इंधनच. इंजिनाचा वेग हाताबाहेर जाऊ शकतो आणि चावी फिरवूनही ते थांबेलच असे नाही. मॅनिफोल्ड उतरवण्यात वेळ जातो, नवे गॅस्केट लागते, हे खरेच. पण सुटलेली काजळी सिलिंडरमध्ये न जाता बाहेर पडते ती याच पद्धतीने. ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड डिझेलमध्ये भिजवून ब्रशने घासावा, पूर्ण वाळवूनच बसवावा. कॉस्टिक सोडा नको, तो ॲल्युमिनियमच खातो. मग ईजीआरच कायमचा बंद का करू नये? कारण तो ज्वलनाचे तापमान उतरवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करतो. आपली साफसफाई वाचवण्यासाठी तो विषारी वायू इतरांच्या श्वासात सोडणे मुळीच समर्थनीय नाही.