विषाणूचं पहिलं रूप

1966 साली अमेरिकेत, वॉशिंग्टनमध्ये, काही तान्ह्या बाळांना एक नवी लस टोचली गेली. ती होती आरएसव्ही या विषाणूवरची. धडधाकट मोठ्या माणसाला त्याच्यामुळे बहुधा सर्दीच होते. पण दोन-तीन महिन्यांच्या, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदयात दोष असलेल्या बाळाच्या बारीक श्वासनलिका त्याने सुजतात, चिकट स्रावाने बुजतात. नाकपुड्या फुलतात, पोट उडायला लागतं, बाळाला दूध ओढवत नाही.

हा विषाणू आधी सापडला चिंपांझींमध्ये. 1955 मध्ये वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेतले चिंपांझी शिंकू-खोकू लागले, आणि त्यांच्यापासून तो वेगळा करण्यात आला. दोन वर्षांत विषाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट चॅनॉक यांना तोच विषाणू बाल्टिमोरच्या आजारी बाळांमध्ये मिळाला. वानरांच्या नावावर नोंदलेला हा रोग खरं तर आपल्याच लेकरांचा होता.

लशीसाठी वाट चोखाळली ती ओळखीची: फॉर्मॅलिनने विषाणू मारायचा आणि टोचायचा. साल्क यांची पोलिओची लस अशीच यशस्वी झाली होती.

मग आरएसव्हीची साथ आली. सर्वांत लहान गटात लस घेतलेली 31 बाळं होती. त्यांतल्या 20 जणांना संसर्ग झाला, 16 जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, दोघं दगावली. तुलनेसाठी दुसरी लस दिलेल्या गटात 21 जणांना संसर्ग झाला, पण रुग्णालयात न्यावं लागलं एकालाच. आईबापांनी विश्वासाने पुढे केलेल्या बाळांना लशीनेच जास्त आजारी पाडलं होतं. या धक्क्याने लशीचं काम कित्येक दशकं अडखळलं.

त्या बाळांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली होती, तरी ती विषाणूला अडवत नव्हती. हे कोडं विषाणूशास्त्रज्ञ बार्नी ग्रॅहम यांनी वर्षानुवर्षं सोडलं नाही. 2008 मध्ये जेसन मॅक्लेलन हा तरुण संशोधक बेथेस्डाच्या लस संशोधन केंद्रात पीटर क्वाँग यांच्याकडे आला. क्वाँग यांच्या मजल्यावर जागा नव्हती, म्हणून त्याला बसवलं ग्रॅहम यांच्या शेजारी. जागेच्या या अडचणीचे किती उपकार मानावेत!

विषाणूच्या अंगावर ‘एफ’ नावाचं प्रथिन असतं. ते ताणून ठेवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखं असतं: पेशीला भिडलं की सटकन सुटतं, विषाणूला आत शिरायला वाट करून देतं, आणि पुन्हा पहिल्या रूपात येत नाही. प्रयोगशाळेत ते आपोआपही सुटायचं, त्यामुळे शास्त्रज्ञांच्या हाती लागे ते सुटलेलंच रूप. जुन्या लशीतही मुख्यतः तेच होतं. बाळांचं शरीर लढायला शिकलं ते विषाणूचं काम उरकल्यानंतरच्या रूपाशी.

धागा मिळाला तो डी25 या मानवी प्रतिपिंडामुळे. ते विषाणूला फार प्रभावीपणे निकामी करायचं, पण सुटलेल्या प्रथिनाला चिकटतच नव्हतं. म्हणजे ते पहिल्या रूपालाच ओळखत असणार. मॅक्लेलनने डी25ने धरून ठेवलेलं ते रूप स्फटिकात पकडलं, आणि 2013 मध्ये त्याची रचना जगासमोर आली. प्रथिनाच्या टोकावर, सुटताना नाहीशी होणारी, प्रतिपिंडांच्या हल्ल्याची नेमकी जागा तिथे दिसली. मग काही दुवे बदलून प्रथिन त्याच रूपात पक्कं करण्यात आलं.

गरोदर आईला द्यायची लस याच पक्क्या रूपावर बेतलेली आहे. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. डी25लाच सुधारून बनलेलं निरसेव्हिमॅब थेट बाळाला टोचतात, आणि एक मात्रा अख्खा हंगाम पुरते. दोन्हींना अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली.

पण आरएसव्हीने होणारे बहुतेक बालमृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. आपल्या मेळघाटातही डॉ. आशिष सातव आणि सहकाऱ्यांनी गावोगाव अभ्यास करून या विषाणूने जाणाऱ्या बाळांची नोंद घेतली आहे. कित्येक बाळं तर रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून ही सुई आधी तिथल्या दाई आणि आशाताईंच्या वाटेने पाड्यांवर पोचायला हवी, आणि तीही परवडेल अशा किमतीत.