यंत्राचं वाचन आणि ओठांवरची मराठी

चॅटजीपीटीसारख्या प्रणाली अफाट लिखित मजकुरावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, हे शिकतात. जे कुठे नोंदलंच गेलं नाही, ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. निरक्षर बहिणाबाई चौधरींची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, म्हणून ती टिकली. तसंच अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. यंत्र ओवी जुळवू शकेल; पण दळताना मन मोकळं करण्याची निकड बाईचीच असते. तिची बोली पुढच्या पिढ्यांना आणि यंत्रांनाही कळायला हवी असेल, तर गावोगावची गाणी, म्हणी, गोष्टी आजच ध्वनिमुद्रित करून लिहून ठेवायला हव्यात.