दोन धातूंचा सहकार

नुंगंबाक्कम येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहावयास आल्यापासून शालेय तमिळ पुस्तके चाळण्याची सवय मला लागली आहे. त्यांतील रसायनाच्या एका पुस्तकात ‘विनैयूक्की’ हा शब्द भेटला. विनै म्हणजे क्रिया. ऊक्की म्हणजे तिला चेतविणारा. आपला ‘उत्प्रेरक’ही त्याच घडणीचा. स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस याने १८३५ मध्ये ग्रीक भाषेतून जी मूळ संज्ञा घडविली, तिचा धात्वर्थ मात्र ‘सैल करणे’ असा आहे. दोन्ही भाषांनी सोडविणाऱ्याच्या जागी चेतविणारा आणून बसविला आणि मूळ कल्पना थोडी झाकली गेली, असे मला वाटते. उत्प्रेरक विक्रियेला ढकलीत नाही. जी मुळातच संभवत नाही ती तो घडवूही शकत नाही. अणूंमधील जुने बंध सुटण्यास तो सोपी वाट काढून देतो आणि अखेरीस स्वतः पूर्ववत होतो.

हे काम दोन धातूंनी वाटून का घ्यावे? इरिडियम, ऱ्होडियम, पॅलेडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा एकच अणू एखादा बंध तोडून त्याचे दोन्ही तुकडे स्वतःकडे घेऊ शकतो. दोन इलेक्ट्रॉनांचा व्यवहार त्याला एका वेळी साधतो. लोह व तांबे यांची प्रवृत्ती बहुधा एकेका इलेक्ट्रॉनाच्या देवघेवीची. परंतु भूकवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह आहे, तर इरिडियम अब्ज भागांत एखादाच. तेव्हा एकाचे काम दोघांवर सोपवून पाहावे, हा विचार साहजिकच होता.

शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात नील मंकड व त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ मध्ये तो प्रत्यक्षात आणला. बेंझिनमधील हायड्रोजन काढून तेथे बोरॉनचा गट बसविण्यासाठी एरवी इरिडियम वापरतात. त्यांनी तांब्याचा अणू लोहाच्या अणूशी थेट जोडला. बोरॉन व हायड्रोजन यांचा बंध या जोडीपाशी आला की दुभंगतो : हायड्रोजन तांब्याकडे जातो, बोरॉन लोहाकडे, आणि जोडीही सुटते. पुढे लोह आपला बोरॉन बेंझिनला देते व बदल्यात त्याचा हायड्रोजन घेते. आता दोघांपाशी एकेक हायड्रोजन असतो. ते दोन हायड्रोजन मिळून वायुरूपाने निघून जातात, तांबे व लोह पुन्हा जुळतात. सहकार म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना उभा राहतो. तेथे ऊस घालणारे सभासद बहुतांशी सारखेच. येथे मात्र दोघे भिन्न प्रकृतीचे नसतील तर बंध फुटणारच नाही.

या स्वस्ताईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या विक्रियेला अतिनील प्रकाश पुरवावा लागतो, आणि तांब्याला सावरून धरणारा सेंद्रिय रेणू तांब्याहून कितीतरी महाग पडतो.

निसर्गाने ही युक्ती फार पूर्वीच योजिली आहे. आपल्या पेशींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या प्रथिनात लोहाचा व तांब्याचा एकेक अणू समोरासमोर असतो. श्वासातून आलेला ऑक्सिजन त्या दोघांच्या मधल्या फटीत सापडतो आणि तेथे त्याचे पाणी होते.

महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे. तेथील डी. श्रीनिवास, पॉल रत्नसामी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लोह व जस्त यांच्या द्विधातू सायनाइडाचा घन उत्प्रेरक जैवडिझेलसाठी वापरून दाखविला. वनस्पतितेलाची मेथॅनॉलशी विक्रिया करून हे इंधन बनवितात. त्यासाठी नेहमीचा कॉस्टिक सोडा घेतला आणि तेलात मुक्त मेदाम्ले असली, तर साबण होतो व सारा घाणा बिघडतो. हलक्या प्रतीच्या अखाद्य तेलांत हीच अम्ले अधिक असतात. पुण्याचा उत्प्रेरक तेल व अम्ले या दोहोंचेही इंधन करतो. त्याचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो, आणि काम झाल्यावर तो गाळून पुन्हा वापरता येतो.

परंतु या जोडीत तेलाच्या रेणूला धरते ते जस्त. सहा सायनाइडांनी वेढलेले लोह त्या व्यवहारात हात घालीत नाही. ते केवळ सांगाडा उभा ठेवते. तांबे व लोह यांच्या देवघेवीला जो शब्द शोभतो, तोच येथे वापरावयास माझे मन घेत नाही. मी याला ‘आधार’ म्हणेन. माझे रसायनज्ञ स्नेही मात्र दोहोंनाही सहकारच म्हणतात.