आजारी मासा आणि त्याचे पाणी

उज्जैनच्या देवास गेट भागात रेल्वे स्थानक व बसस्थानक जवळजवळ असल्यामुळे तेथील वर्दळ दिवसभर थांबत नाही. अशा गजबजाटातून घरी आलेला माणूस काचेच्या टाकीपुढे घटकाभर बसला, म्हणजे त्याच्या मनाला विसावा मिळतो. मुलांना तर ती टाकी म्हणजे घरातले एक छोटेसे तळेच वाटते. परंतु मुका जीव घरात आणला, की त्याच्या दुखण्याची जबाबदारीही आपणांवर येते. गाय आजारी पडली तर चारा सोडते व हंबरते; मांजर कण्हते. मासा मात्र कोणताच आवाज करीत नाही. त्याचे दुखणे आपण डोळ्यांनीच ओळखावे लागते.

पुष्कळ घरांत ह्या वेळी काय घडते, ते वाचकांना ठाऊक असेल. मासा मलूल दिसताच दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते. अंदाजाने चार थेंब टाकीत पडतात. दुसऱ्या दिवशी गुण दिसला नाही, तर आणखी चार पडतात. मासा दगावतो आणि मुलांच्या डोळ्यांत पाणी येते. मग ‘मासा नाजूकच होता’ असा निर्णय होऊन प्रकरण मिटते. आमचे म्हणणे असे, की ह्यांतील कित्येक मासे वाचू शकतात. मात्र औषधाआधी निदान झाले पाहिजे, आणि निदानाचा आरंभ माशापासून न करता पाण्यापासून केला पाहिजे.

ह्याचे कारण सोपे आहे. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्यातच त्याचे मलमूत्र मिसळते. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया हे विषारी द्रव्य सतत बाहेर पडते. टाकी जुनी व स्थिरावलेली असेल, तर खडीवर आणि गाळणीत वाढलेले उपकारक जीवाणू त्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. ही जीवाणूंची वस्ती नव्या टाकीत तयार होण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. त्या अवधीत एकदम दहा-बारा मासे सोडले, अथवा गाळणी नळाखाली खसखसून धुतली, तर पाणी दिसायला स्वच्छ राहूनही विषारी होते. पाणी जितके उबदार व अल्कधर्मी, तितका अमोनिया अधिक घातक ठरतो. माळव्याच्या काळ्या खडकातून येणारे कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते, हे येथील वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

नळाच्या पाण्याची गोष्ट निराळी. शहरांना पुरविले जाणारे पाणी क्लोरीनने शुद्ध केलेले असते. माणसाला ते निर्धोक असले, तरी माशाच्या कोवळ्या कल्ल्यांना त्याचा दाह होतो. असे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले, अथवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रव्य प्रमाणात घातले, म्हणजे हा दोष जातो.

सर्वच मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले, तर साथीची शंका घेण्यापूर्वी पाण्याची शंका घ्यावी. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची संचपेटी मत्स्यविक्रेत्यांकडे मिळते. दोहोंचे प्रमाण शून्य असावे. ते तसे नसल्यास टाकीतील पाव ते तिसरा हिस्सा पाणी त्याच उष्णतेच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदलावे, हवेचा पंप जोरात चालू ठेवावा व एक-दोन दिवस खाद्य बंद करावे. सशक्त, वाढलेल्या माशाला दोन दिवसांच्या उपवासाने काही होत नाही. उलट तळाशी कुजणारे उरलेले खाद्य त्याचा जीव घेते.

पाणी निर्दोष ठरले, म्हणजे मग माशाकडे वळावे. सकाळी खाद्य घालण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते पाहावे. पर अंगाशी मिटलेले आहेत काय? मासा दगडावर अंग घासतो काय? अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके असतील, तर तो ठिपक्यांचा रोग होय. सोनेरी धुळीसारखा थर चमकत असेल, तर तो मखमली रोग. जखमेवर कापसासारखे तंतू दिसले, तर बहुधा बुरशी असते. तोंडाभोवतीचा पांढरट थर मात्र पुष्कळदा जीवाणूंचा असतो. पोट फुगून खवले देवदाराच्या बोंडाप्रमाणे उभे राहिले, तर आत जलसंचय झाला असे समजावे. ह्यातून फार थोडे मासे वाचतात. गोल्डफिश खाल्ल्यावर तिरका तरंगत असेल, तर दोन-तीन दिवस उपवास व नंतर साल काढलेला उकडलेला वाटाणा हाच पहिला उपाय.

ह्यांपैकी ठिपक्यांचा रोग आपल्याकडे थंडीत वारंवार दिसतो. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्री पारा दहा अंशांखाली उतरला, की बिगरतापकाच्या टाकीतील पाणी पहाटेपर्यंत गारठते, माशाची प्रतिकारशक्ती खालावते आणि रोगाला वाव मिळतो.

ह्या रोगाचे कारण एक एकपेशीय परजीवी आहे. त्याला १८७६ साली फूके ह्या फ्रेंच संशोधकाने जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ ‘पुष्कळ लेकरांची, माशावरची ऊ’ असा होतो. नाव अगदी यथार्थ आहे. माशाच्या त्वचेत वाढलेला हा जीव पुढे गळून तळाशी बसतो, भोवती कवच करतो आणि त्यातून शेकडो पिले पाण्यात सुटतात. दोन दिवसांच्या आत मासा न सापडल्यास ती मरतात. कातडीत दडलेल्या अथवा कवचातल्या जीवावर पाण्यातले औषध चालत नाही. ते चालते केवळ ह्या पोहणाऱ्या पिलांवर. म्हणूनच ठिपके गळाले म्हणजे मासा बरा झाला असे मानून औषध थांबविणे, ही सर्वांत मोठी चूक होय. नेमक्या त्याच वेळी तळाशी नवी पिढी सिद्ध होत असते. २५ अंशांच्या पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात.

उपचाराचा क्रम असा ठेवावा. तापक असल्यास पाणी हळूहळू, दोन दिवसांत, उबदार करावे. गप्पी, मॉली इत्यादी उष्ण प्रदेशांतील माशांसाठी २९-३० अंशांपर्यंत, गोल्डफिशसाठी २६ अंशांच्या आसपास. उबदार पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा पंप बंद पडू देऊ नये. त्याबरोबर साधे जाडे मीठ वापरावे. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद व उंच अशा टाकीत, खडी व वरची रिकामी जागा वगळता, सुमारे ४५ लिटर पाणी असते. लिटरला एक ग्रॅम ह्या हिशेबाने पहिल्या दिवशी ४५ ग्रॅम मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून घालावे व पुढील दोन दिवसांत तितकेच आणखी घालावे. वनस्पती आणि बिनखवल्यांचे मासे असतील, तर मीठ निम्मे ठेवावे. मीठ बाष्पाबरोबर उडून जात नाही. म्हणून पाणी बदलताना बदललेल्या पाण्यापुरतेच नवे मीठ घालावे. एक दिवसाआड तळाचा गाळ नळीने ओढून घ्यावा. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही निदान दहा दिवस हा क्रम मोडू नये. एवढ्याने न भागल्यास बाटलीतील औषध लेबलावरील मापानेच द्यावे आणि त्या काळात गाळणीतील कोळसा काढून ठेवावा. दोन औषधे एकत्र कधीही करू नयेत.

रोग येऊच नये ह्यासाठी एक नियम पुरेसा आहे. शोभेचे मासे कोलकाता, चेन्नई, मुंबई अशा दूरच्या बाजारांतून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत प्रवास करून येतात आणि थकलेले असतात. नवा मासा तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच जुन्यांत सोडावा. त्याची जाळीही वेगळी असावी.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. आजारी मासा क्षिप्रेत सोडला म्हणजे त्याला मुक्ती मिळाली, असे काहींना वाटते. ती भूतदया खरी नव्हे. टाकीत वाढलेला दुर्बल मासा नदीत बहुधा तडफडून मरतो, आणि त्याच्याबरोबर परजीवी नदीतल्या माशांत शिरतात. तगणारे परदेशी मासे तर आणखी अनर्थ करतात. टाकीतून सुटलेला ‘सकर’ मासा भारतातील अनेक जलाशयांत फोफावला आहे. मासा वाचणार नाही असे निश्चित झाल्यास पशुवैद्याचा सल्ला घेऊन त्याचा शेवट वेदनेवाचून करावा आणि त्याला मातीत पुरावे.

बारा रुपयांच्या गप्पीसाठी एवढे कष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु मुलांच्या दृष्टीने तेथे किमतीचा प्रश्नच नसतो. मीठ मोजून घालणारे, दहा दिवस नेमाने गाळ काढणारे आणि घाईने औषध न ओतणारे वडीलधारे माणूस ती पाहत असतात. जो जीव आपले दुखणे सांगू शकत नाही, त्याच्याकडे आधी नीट पाहावे आणि मग हात लावावा, हा धडा त्यांना टाकीपाशी उभे राहूनच मिळतो.